दोरी ओढणारी

(रेडिओवरील भाषण, पूर्णा)



आपल्या पूर्णेत लेथ म्हटलं की रेल्वेच आठवते. लोखंड कातायचं मशीन, ग्रीसचा वास, निळे कपडे घातलेली गडीमाणसं. लाकूड कातायचाही लेथ असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या बचत गटाच्या प्रशिक्षणात तो पहिल्यांदा पाहिला. शिलाई मशीनच्या टेबलावर मावेल एवढा, खाली छोटी मोटर. त्यावर आम्हाला पहिलं काम दिलं ते लाकडाचं कुटुंब करायचं. बाप, आई, आजी आणि एक लेकरू.

मला वाटलं, नवशिक्या बाईला माणसं कशी जमतील? आधी लाटणं तरी द्या. पण लेथवर लाकूड स्वतःभोवती फिरतं, म्हणून त्यातून निघतं ते सगळं गोलच निघतं. त्यात माणूस उलट सोपा. वर गोल डोकं, खाली एक खाच म्हणजे मान, त्याखाली घंटेसारखं अंग. हात नाहीत, पाय नाहीत. बाप पाच इंच, आई साडेचार, आजी चार आणि जरा फुगीर, लेकरू अडीच. एवढ्या फरकावर घर ओळखू येतं. पोराटोरांना तर लगेच.

पहिली अडचण मात्र लाकडाची नव्हती. शिकवणारे म्हणाले, पदर खोचा, वेणीचा अंबाडा बांधा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत आणि बांगड्या काढून ठेवा. फिरत्या मशीनमध्ये काही अडकलं तर हात ओढला जातो, ते खरंच आहे. पण बांगड्या म्हटल्यावर आमच्यातल्या चौघी जागच्या उठल्या. घरी काय सांगायचं? दोन दिवस त्यावरच गेले. शेवटी एका वयस्कर मावशींनी बांगड्या काढून डब्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "भाकरी थापताना अंगठी काढतोच की." मग बाकीच्यांनी काढल्या.

दुसरी अडचण लाकडाची. मी घरामागचा कडुनिंब ओला असतानाच आणला. बाहुली सुरेख झाली आणि आठ दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत तडकली. बाभूळ घेतली तर पटाशीच उडायला लागली. शिवाय मी मान आधीच बारीक केली, म्हणून बापाचं डोकं तुटून थेट पत्र्यावर आपटलं. सगळ्या हसल्या. तेव्हा एक कळलं, की आधी चौकोनी तुकडा नीट गोल करून घ्यायचा, मग डोकं, मग अंग, आणि मान बारीक करायची ती अगदी शेवटी. पटाशी टेकवायची पट्टी लाकडाच्या जवळ हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता मूळ गोष्ट सांगते. हे काम शिकताना मी विचारत गेले, की आपल्याकडे हे कोण करत होतं?

आपल्या भाषेत सूत कातणं आणि लाकूड कातणं, दोन्हीला शब्द एकच. लाकूड कातणारा तो कातारी. आपल्या निजामाच्या मुलखात त्याला खरादीही म्हणत. एखादीचा चेहरा रेखीव असला की आपण कातीव म्हणतो, तो शब्दही याच कामातला. आणि आपल्या घरात कातीव काय नव्हतं? लाटणं, ताकाची रवी, पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, पोरांचा भोवरा, कुंकवाचा करंडा. बाईच्या हातात दिवसभर कातीव वस्तू आणि त्या करणारा हात मात्र गड्याचा, असंच आपण धरून चालतो.

पण मोटर येण्याआधी लाकूड फिरवायचं कोण? ते ऐका. जुन्या हाताच्या लेथवर लाकडाला दोरी किंवा चामड्याचा पट्टा गुंडाळायचे. एकजण ती दोरी दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायचा आणि दुसरा पटाशी धरायचा. काही ठिकाणी धनुकलीने एकटाच माणूस फिरवी, पण मोठं काम दोघांचंच.

हेच जपानात होतं आणि तिथली हकिगत बरीच नोंदलेली आहे. जपानच्या उत्तरेकडे तोहोकू नावाचा डोंगराळ भाग आहे. थंडी फार, गरम पाण्याचे झरे पुष्कळ. शेतकरी सुगी संपली की त्या झऱ्यांवर अंग शेकायला जायचे. तिथले कातारी वाट्या आणि थाळ्या करत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उरल्यासुरल्या लाकडाच्या बाहुल्या करून विकू लागले. शेतकरी घरच्या लेकरांसाठी त्या घेऊन जायचे. त्यांना कोकेशी म्हणतात. गोल डोकं, उभं अंग, ना हात ना पाय. आमच्या प्रशिक्षणातली बाहुलीच जणू. नारुको गावच्या कोकेशीचं डोकं फिरवलं तर ती कुईकुई वाजते.

तर तिथेही लेथला दोन माणसं लागायची. पटाशी नवऱ्याच्या हातात आणि दोरी बहुधा बायकोच्या. दिवसभर ओढायची, आणि तीही एका लयीत. ओढ कमीजास्त झाली तर पटाशी अडकते आणि काम बिघडतं. मी स्वतः जुन्या पद्धतीची दोरी दहा मिनिटं ओढून पाहिली. दंड भरून आले. पटाशी धरणाऱ्याचा निम्मा हात दोरीत असतो, हे तेव्हा पटलं. पुढे 1880 नंतर पायाने चालवायचा लेथ तिथे पसरला आणि दोरी ओढणारीची गरज सरली. नंतर संग्राहक आले, बाहुलीच्या बुडाशी कारागिराचं नाव लिहायची रीत पडली. नाव कोणाचं असणार ते सांगायला नको.

रशियातली एकात एक बसणारी बाहुली तुम्ही जत्रेत किंवा टीव्हीवर पाहिली असेल, मात्र्योश्का. ती फार जुनी असेल असं वाटतं, पण ती 1890 नंतरची. मॉस्कोच्या एका कारखान्यात वासिली झ्व्योझ्दोच्किन या कातारीने ती कातली आणि सेर्गेई माल्यूतिन या चित्रकाराने रंगवली. पहिल्या संचात आठ बाहुल्या होत्या. सगळ्यांत बाहेरची मुलगी कोंबडा घेतलेली आणि सगळ्यांत आत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिला पदक मिळालं. तिची एक गोष्ट मला फार आवडली. ती करताना सगळ्यांत आधी आतलं बाळ कातून घेतात आणि त्याच्या मापावरून बाकीच्या पोकळ बाहुल्या करतात. घर उभं राहतं ते लेकराच्या मापाने.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. लाकडी खेळण्यांचं नाव सावंतवाडीचं. तिथली चितारी मंडळी लाकूड कातून फळं, भाज्या, भातुकली, पाट, करंडे करतात. लाकूड पांगाऱ्याचं, आंब्याचं. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घासून ती वितळते आणि रंग बसतो. वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. तिथेच गंजिफाचे गोल पत्ते रंगवत. स्वातंत्र्यानंतर ही कला इतकी आटली, की गंजिफा येणारे पुंडलिक चितारी हे म्हातारे कारागीर जवळजवळ एकटेच उरले होते. तेव्हा राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवलं. सत्त्वशीलादेवींचं नाव आज त्या कामाशी जोडलेलं आहे. राणी होत्या म्हणून नाव राहिलं, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या स्वतः कुंचला घेऊन बसल्या, हे खरं.

कुणी विचारेल, आपल्याला जवळ तर नांदेडपलीकडचं निर्मळ, तिथली खेळणी नाहीत का? आहेत आणि सुंदर आहेत. पण ती कातीव नव्हेत. हलक्या लाकडाचे भाग कोरतात आणि चिंचोक्याच्या खळीने जोडतात. तो वेगळा हात. लेथची खेळणी पाहायची तर कर्नाटकात चन्नपट्टण आहे. तिथे ज्या लाकडाची खेळणी करतात तो आपल्याकडचा काळा कुडा. मोटर आल्यापासून तिथे बायाही लेथवर बसतात. दोरी ओढायला आता वीज आहे.

म्हणजे पटाशी हातात आली. नावाचं काय? ते सांगायलाच मी आज बोलतेय.

1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. लहान गटाला तो खर्च झेपणारा नाही. पण केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून कारागीर ओळखपत्र हवं आणि ते जिच्या हातात पटाशी आहे तिच्या नावाचं हवं. आमच्या गटात पहिल्या वेळी फॉर्म भरले तेव्हा तिघींच्या जागी नवऱ्यांची नावं लिहून आली. "तेच जातात ना तालुक्याला," असं एकीचं म्हणणं. ते फॉर्म आम्ही फाडले.

दुसरी योजना पीएम विश्वकर्मा. ती 17 सप्टेंबर 2023 ला, आपल्या मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच सुरू झाली. त्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहेत, बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. पण नीट ऐका, एका कुटुंबातून एकच नाव. नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुलं मिळून एक कुटुंब. नवऱ्याने सुतारकामात नाव घातलं की बायकोचं नाव संपलं. घरात सरकारी नोकरी असेल तरी योजना मिळत नाही. आपल्या गावात ही अट बऱ्याच घरांना लागेल. तेव्हा अर्ज करण्याआधी घरात बसून ठरवा. नवऱ्याचं सुतारकाम चांगलं चालत असेल तर त्याचंच नाव घालणं शहाणपणाचं, मी नाही म्हणत नाही. पण ते ठरवताना तुम्ही तिथे असा. आणि तसं झालं तरी हस्तशिल्पाचं ओळखपत्र तुमच्या नावाने मागता येतं, ते सोडू नका.

आणखी एक, खेळणी विकणार असाल तर. लेकराची बाहुली फार लहान करू नका. तीन वर्षांखालचं मूल ती तोंडात घालतं आणि ती घशात अडकते. रंगही टिनाच्या डब्यातला ऑइलपेंट नको, लाख वापरा किंवा नुसतं गोडेतेल पुसून लाकूड तसंच ठेवा.

मी माझं पहिलं न तडकलेलं कुटुंब घरी नेलं तेव्हा सासूबाईंनी चारी बाहुल्या चुलीपुढे ओळीने मांडल्या. आजीची बाहुली उचलून म्हणाल्या, "हिला पदर कुठाय?" मी म्हटलं, रंगवायचा राहिलाय. त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि डोक्यावरून एक रेघ ओढली. आता आमच्या आजीच्या बाहुल्यांना पदर त्याच काढतात. परवा त्यांचाही फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, "पदर काढते, असं लिही." साहेबांना ते पटलं नाही. आम्ही 'खेळणी रंगवणे' असं लिहिलं आणि खाली त्यांनी सही केली.