कर्करोगाचे लवकर निदान आणि गणनपद्धती : मुंबई परिसरातील संशोधनपरंपरेचा विचार

नवी मुंबईतील बोनकोडे हे कोपरखैरणे परिसरातील जुने गाव. तेथून दक्षिणेस वाशी येथे ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ ह्या संस्थेचे कार्यालय आहे, आणि आणखी पुढे खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधनकेंद्र आहे. ह्या टापूत राहून संगणकाच्या साहाय्याने कर्करोगाचे लवकर निदान करण्याच्या पद्धतींवर पीएच.डी.चा प्रबंध लिहू पाहणाऱ्यास आपला विषय अगदी नवा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ह्या विषयाचा मोठा भाग संगणकाबाहेर घडलेला आहे. संशोधनाचे यश कशाने मोजावे, ह्या प्रश्नाचे उत्तरही त्याच भागात सापडते.

परंपरेचा आरंभ प्रयोगशाळेत झाला. मुंबईत परळ येथे 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील निरनिराळ्या समाजांत कोणता कर्करोग अधिक आढळतो, आणि तंबाखूसारख्या सवयींशी त्याचा काय संबंध आहे, हे प्रश्न त्यांनी हाताळले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. वाशीची उपरोक्त संस्था 1973 साली स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली 1952 मध्ये उभी राहिलेली कर्करोग संशोधन संस्था 2002 साली खारघरला आली.

प्रयोगशाळेला रुग्ण दिसतो. समाजातील रोगाचे प्रमाण दिसत नाही. त्यासाठी 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. कर्करोगाची माहिती कळविण्याचे बंधन रुग्णालयांवर नसल्यामुळे नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयोरुग्णाली जाऊन कागदपत्रे पाहत, एकाच रुग्णाची दुबार नोंद वगळीत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी मेळ घालीत. ग्रामीण भागासाठी अशी पहिली नोंदणी 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली.

त्याच 1963 साली अमेरिकेत लॉडविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांतील अर्बुदांचे निदान बेजच्या सिद्धान्ताच्या आधारे संगणकाकडून करविण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. क्ष-किरण चित्रातील लक्षणे तज्ज्ञाने पाहावयाची आणि कोणत्या अर्बुदाचा संभव किती, हे यंत्राने सांगावयाचे, अशी ती पद्धत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 पासून मुंबईतही चालू होता. परंतु गणनयंत्र आणि नोंदणी हे दोन प्रवाह येथे दीर्घकाळ वेगळेच राहिले.

ह्यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 1998 साली सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी सुरू झाली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. तसेच गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी केली. दुसऱ्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 साली जाहीर झाले. स्तनतपासणीचा निष्कर्ष मात्र वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2021 साली, प्रसिद्ध झाला. रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडू लागला होता, हे निश्चित; तथापि एकूण स्त्रियांत मृत्यूंची घट सुमारे 15 टक्केच होती आणि संख्याशास्त्रीय दृष्ट्या ती निर्णायक नव्हती. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत ती सुमारे 30 टक्के आढळली.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2009 साली आला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले; अ‍ॅसेटिक आम्लाच्या एका तपासणीने मात्र लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईत हीच तपासणी चार वेळा झाली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तपासणीचे मोल केवळ तिच्या अचूकतेवर ठरत नाही; ती कोणाची, कितीदा होते, आणि पुढे उपचार मिळतात की नाही, ह्यांवरही ते अवलंबून असते.

ह्याचे कारण तर्कदृष्ट्या साधे आहे. रोग एक वर्ष अगोदर सापडला, पण मृत्यू पूर्वीच्याच दिवशी आला, तर आयुष्य वाढले नाही. रुग्ण म्हणून घालविलेला काळ तेवढा वाढला. शिवाय कधीच जिवावर न बेतणारी काही अर्बुदेही तपासणीत सापडतात. यंत्राला हा भेद आपोआप कळत नाही. स्तनाच्या क्ष-किरण चित्रांत संशयित जागा दाखविणारी यंत्रप्रणाली अमेरिकेत 1998 साली मान्य झाली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तिच्यामुळे अनावश्यक फेरतपासण्या वाढल्याचे आढळले. उलट, 2019 साली गर्भाशयमुखाच्या छायाचित्रांवरून निदान करणारी जी गणनपद्धती गाजली, तिचा पाया कोस्टारिकातील सुमारे नऊ हजार स्त्रियांच्या, सात वर्षांपर्यंत चाललेल्या पाठपुराव्यात होता. स्वीडनमधील 80,000 स्त्रियांच्या चाचणीत, 2023 च्या अहवालानुसार, यंत्राच्या साहाय्याने चित्रवाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले आणि रोग सापडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. मृत्यू घटतात काय, हा प्रश्न त्या अहवालाने सुटला नव्हता.

पीएच.डी.चा अवधी काही वर्षांचा, आणि मृत्यूंचा हिशेब वीस वर्षांचा. म्हणून मृत्युदराचा पुरावा प्रबंधाकडून मागणे अन्यायाचे होईल. परंतु यंत्राला शिकविलेले ‘रोगी’ आणि ‘निरोगी’ हे शिक्के कोणी, कशावरून मारले; चित्रे कोणत्या लोकसंख्येची; आणि जे सिद्ध झाले ते अचूकतेपुरतेच आहे की त्यापलीकडचे, हे प्रबंधात स्पष्ट लिहिणे शक्य आहे. नोंदणीच्या कर्मचाऱ्यांनी जमविलेल्या कागदांवर आणि झोपडवस्त्यांतील व खेड्यांतील स्त्रियांनी दिलेल्या सहकार्यावर हे शास्त्र उभे आहे. तेव्हा लवकर निदान म्हणजेच प्राणरक्षण, असे पुराव्यावाचून गृहीत धरण्याचा अधिकार संशोधकास पोहोचत नाही.