कार्ल्याचे दार आणि सामी सुतार

डिझाईन हा शब्द आता आपल्या घराघरांत शिरला आहे. लग्नपत्रिकेचे डिझाईन, साडीच्या काठाचे डिझाईन, खिडकीच्या ग्रिलचे डिझाईन. त्यामुळे डिझाईन म्हणजे वरची नक्षी, असा सर्वसाधारण समज झालेला दिसतो. नक्षी शेवटी येते. तिच्या आधी पुष्कळ काही ठरवावे लागते, आणि ते ठरवणे हेच खरे निर्मितीचे काम होय. हे डोळ्यांनी पहायचे असेल तर आपल्या लेण्यांसारखी दुसरी शाळा नाही.

मळवली स्टेशनवर उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. आमचे सांगणे असे की, आधी भाजे पहावे. तिथले चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब सरळ नाहीत, वर जाताना आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब तिरपे लावीत. पण इथे डोंगरच कोरलेला, वर छप्पर घातलेलेच नाही, ढकलणार कोण? तरी खांब तिरपेच! दर्शनी बाजूही लाकडाची होती. ती केव्हाच गेली, खाचा तेवढ्या उरल्या.

मग समोरच्या डोंगरावर जावे. कार्ल्याचे चैत्य त्यानंतरचे. इथे खांब सरळ उभे आहेत आणि दर्शनी भिंत दगडाची आहे. दगड कसा वागतो हे कारागिरांना कामातूनच उमगले. छताला मात्र त्यांनी सागवानी कमानी ठेवल्या, त्या आजही आहेत. त्या काही भार पेलत नाहीत. कोणी याला लाकडाची नुसती नक्कल म्हणेल, आम्हाला ते पटत नाही. संघाने जमायची जागा म्हणजे लाकडी मंडप, ही लोकांच्या मनातली ओळख त्यांनी जाणूनबुजून जपली असावी.

चैत्य सुमारे 124 फूट लांब आणि 46 फूट उंच. दोन्ही बाजूंना 15-15 खांब. खाली घट, वर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. स्तूपामागचे 7 खांब मात्र अगदी साधे, अष्टकोनी, ना घट ना शिल्प. दान कमी पडले म्हणावे, तर वेगवेगळ्या दात्यांची नावे खांबांवर कोरलेली आहेत. आमच्या मते नजर स्तूपावर ठरावी म्हणून तिथे हात आवरला. मोठ्या कमानीच्या खिडकीतून येणारा उजेडही स्तूपाकडेच जातो, बाजूच्या वाटा अंधुक राहतात.

शिवाय हे काम वरून खाली उतरत जाणारे. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले, त्यात कामाच्या पायऱ्या दिसतात. विटेची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. इथे जास्त निघालेला दगड परत चिकटत नाही. म्हणजे खांब दिसायच्या आधी त्याच्यापुरता दगड राखून ठेवायचा!

आपल्या वस्तीत फर्निचर करणारी, वेल्डिंगवाली, पाट्या रंगवणारी पोरं आहेत. कागदावर रेघ मारणारा डिझायनर, आणि हे नुसते कामगार, अशी वाटणी आता झाली आहे. शिलालेख काही वेगळेच सांगतात. पितळखोऱ्याच्या यक्षावर कान्हदास सोनाराचे नाव आहे. कोंडाण्याला कान्हाचा शिष्य बालक याने आपले नाव कोरले. सांचीच्या दक्षिण तोरणावरचे काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तिथेच लिहिले आहे. सोनाराचा बारीक हात, दंतकाराची सफाई दगडात उतरली ती अशी.

आणि कार्ल्याला दारापाशी धेनुकाकटच्या सामीचा लेख आहे. तो वढकी, म्हणजे विदर्भात आपण वाढई म्हणतो तो सुतार. दार त्याने केले. मजुरी किती मिळाली ते लेखात नाही. वेणुवासाचा मुलगा, असे बापाचे नाव मात्र आहे.