मेघगर्जनेच्या देवाची वेल

दक्षिण चीनमधल्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या या वेलीचं नाव ‘लेइ गोंग तेंग’, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. तिचं दुसरं लोकनाव ‘आतडी तोडणारं गवत’ असं आहे आणि ते खरं आहे. पाला, फुलं, मुळाची साल, काहीही पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. शेतकरी तिच्या मुळांची पूड पिकावरची कीड मारायला वापरत. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तोही कीटकनाशक म्हणूनच.

चिनी औषध म्हटलं की आपल्याला दोन हजार वर्षांची परंपरा आठवते. या वेलीचा रुग्णालयातला इतिहास मात्र साठ वर्षांचाही नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फुजियान प्रांतातल्या डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांना आणि मग संधिवाताच्या रुग्णांना तिचा काढा देऊन पाहिला. विषारी साल सोलून मुळाचा फक्त आतला गाभा वापरायचा, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची खबरदारी.

रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात शरीराचं संरक्षक दल आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जातं. टी पेशी चिथावतात, टीएनएफसारखी प्रथिनं दाह वाढवतात आणि हळूहळू हाड झिजतं. वेलीचा अर्क ही चिथावणीच दाबतो. अमेरिकेत कर्करोगावरचं औषध शोधताना एस. मॉरिस कुपचान यांच्या गटाने 1972 मध्ये वेलीतून ट्रिप्टोलाइड हे रसायन वेगळं काढलं. ते पेशीतल्या एक्सपीबी या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि जनुकं वाचण्याचं कामच रोखतं, हे कळायला 2011 उजाडलं.

चाचण्यांचे आकडे दुर्लक्षून चालणार नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत 207 रुग्ण होते. 24 आठवड्यांनंतर निम्मी किंवा त्याहून जास्त सुधारणा नुसत्या मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाने 46.4 टक्क्यांना, नुसत्या वेलीने 55.1 टक्क्यांना आणि दोन्ही मिळून 76.8 टक्क्यांना झाली. मात्र कोणाला काय दिलं जातंय हे रुग्णांना ठाऊक होतं, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

आपली मालकांगोणी याच कुळातली, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर तिचं तेल चोळणारी माणसं अजून घरोघरी आहेत. पण कूळ एक म्हणून गुण एक, असं समजू नये.

वेलीची किंमतही मोठी आहे. पुरुषांचे शुक्राणू घटतात, बायकांची पाळी बंद होते, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून ‘नैसर्गिक’ लिहिलेली पुडी ऑनलाइन दिसली म्हणून मागवू नका. सांधे सुजले असतील तर संधिवाततज्ज्ञाकडे जा आणि घेत असलेली प्रत्येक मुळी-पूड त्यांना सांगा.