दम्याचे बेट आणि ‘शुद्ध’ रक्त

‘ते रक्तातच असावे लागते’ हे वाक्य आपल्याकडे फार जुने आहे. विद्या रक्तात, शौर्य रक्तात, आणि दमाही रक्तातच! यातल्या शेवटच्या विधानात काही तथ्य आहे. म्हणूनच त्याचा इतिहास नीट तपासला पाहिजे.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कून्या हे एकाकी बेट आहे. सेंट हेलेनावर कैदेत ठेवलेल्या नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी १८१६ साली तेथे शिबंदी बसवली. पुढल्या वर्षी ती उठली. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल मात्र बायकामुलांसह मागे राहिला. नंतर खलाशी आले, फुटल्या जहाजांतून वाचलेले आले, आणि १८२७ साली सेंट हेलेनाहून मिश्रवंशीय स्त्रिया आल्या. स्कॉटलंड, हॉलंड, अमेरिका, इटली, सेंट हेलेना अशा निरनिराळ्या ठिकाणचे हे रक्त. शुद्धतेचा प्रश्नच नव्हता. पण बाहेरून येणारे थांबले आणि लग्ने आपसातच होऊ लागली. विसाव्या शतकात जेमतेम तीनशे माणसे, आडनावे सात, आणि मूळ पूर्वज अवघे पंधरा.

१९६१ साली ज्वालामुखी फुटला. साऱ्या बेटकऱ्यांना इंग्लंडला हलवावे लागले. तेथे डॉक्टरांना दिसले की यांच्यात दमा विलक्षण आहे. १९९३ साली टोरांटोचे डॉ. नोए झामेल बेटावर गेले आणि त्यांनी जवळजवळ प्रत्येकाचे रक्त घेतले. निम्म्याच्या आसपास लोकांत दम्याची काही ना काही चिन्हे आढळली. मूळ पंधरांपैकी काहींनी आणलेला दोष बंद वर्तुळात फिरत राहिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग कॅलिफोर्नियातली एक कंपनी या संशोधनात उतरली. १९९७ साली दम्याचे जनुक सापडल्याची घोषणा झाली आणि पेटंटचा वाद उठला. रक्त कोळ्या-शेतकऱ्यांचे, मालकी भांडवलाची! ही वाटणी आपल्याला नवी नाही.

परंतु दम्याचे असे एकच जनुक नाही. आज शंभरांहून अधिक जागा ठाऊक आहेत आणि प्रत्येकीचा वाटा लहान आहे. सतराव्या गुणसूत्रावरची एक महत्त्वाची जागा २००७ साली सापडली. दुसऱ्याच वर्षी दिसून आले की तान्हेपणी तंबाखूचा धूर ज्यांच्या वाट्याला आला, त्या मुलांत तिचा धोका वाढतो. म्हणजे जनुक घरात काय जळते तेही ‘विचारते’. दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘घराण्यात कोणाला दमा?’ असे विचारलेले असते. घरात चूल आहे की गॅस, बाप खडी फोडतो की कापूस पिंजतो, हे विचारलेले मी तरी पाहिले नाही.

याहून बोलका दाखला अमेरिकेतला आहे. आमिश आणि हटराइट हे दोन्ही युरोपातून आलेले, आपसातच लग्ने करणारे शेतकरी पंथ. जनुके बरीच सारखी. तरी आमिश मुलांत दमा शेकडा ५, तर हटराइट मुलांत शेकडा २१. आमिशांची गुरे घराला लागून, शेती घोड्यांवर. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यांत्रिक. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली, तेव्हा त्यांना दम्यापासून संरक्षण मिळाले. हटराइट घरांतल्या धुळीने मिळाले नाही.

आता आपले बेट पाहू. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले. जात ही सुप्रजननाची व्यवस्था आहे या युक्तिवादाचा समाचार त्यांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात घेतला. तेव्हा त्यांच्या हाती जनुकशास्त्र नव्हते, इतिहास आणि तर्क होता. २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकांवरून दाखवले की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. कुंपण त्यानंतर घट्ट झाले. त्या कुंपणाने काय राखले? आंध्रातल्या वैश्यांत एका विकराची उणीव इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिलेले एक औषध अशा माणसाच्या शरीरात लवकर उतरत नाही, आणि त्याचा स्वतःचा श्वास परत येईपर्यंत डॉक्टरांना यंत्राने श्वास द्यावा लागतो.