फिकट हिरव्या रंगाची कुळकथा

इंदूर म्हटले की मराठी वाचकाला राजवाडा, सराफा आणि अहिल्याबाई आठवतात. घरांच्या भिंतींचा रंग कोणी आठवत नाही. सनदा, नाणी, शिलालेख एवढीच इतिहासाची साधने आपण धरून चालतो. माझ्या मते घराची भिंत हेही एक साधन आहे. तिच्यावर सणावारी थरावर थर चढत जातात. वाचायची ती खालून वर.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली. चाकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे वसली. राजवाड्याजवळच्या गल्लीत आमच्या एका आप्तांचे जुने घर आहे. त्यांच्या माजघराच्या भिंतीचे पोपडे सुटलेले मी एकदा बारकाईने पाहिले. वर अलीकडचा प्लास्टिकचा रंग, त्याखाली तैलरंग, त्याखाली डिस्टेंपर आणि तळाशी चुना. रंग मात्र चारही थरांत एकच, फिकट हिरवा. आपण त्याला पिस्ता म्हणतो. माळव्यातील वैशाखाच्या दुपारी उन्हातून आत आल्यावर डोळे निववणारा हा रंग आहे.

तळाच्या थराची कृती जुन्या माणसांना ठाऊक असते. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा, त्यात सरसाचे पाणी आणि चिमूटभर मोरचूद घालायचे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. चुन्यात तो निळसर हिरवी छटा देतो आणि कीडही दूर ठेवतो. दप्तरे बांधणारे खळीत मोरचूद घालीत ते याच कारणाने. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार केवडा रोगावर जे बोर्डो मिश्रण फवारतात, तेही मोरचूद आणि चुन्याचेच. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ च्या सुमारास त्याचा प्रसार केला.

युरोपात मात्र हाच रंग जिवावर उठला. १७७५ साली स्वीडिश रसायनतज्ज्ञ शील यांनी तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून सुंदर हिरवा रंग सिद्ध केला. पुढील शतकात तो घरोघर भिंतींवरील कागदांतून पोचला आणि माणसे आजारी पडू लागली. इटलीतील गोसिओ यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की दमट जागी वाढणारी बुरशी अशा रंगातून विषारी वायू सोडते. रंग तांब्याचा, विष सोमलाचे आणि निमित्त ओलीचे. ओलीचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

वरच्या थरांतील हिरव्या रंगाची कथा अगदी अलीकडची. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ येथील कारखान्यात, भांड्याच्या अस्तराला तडा गेल्यामुळे एक अनपेक्षित निळा पदार्थ तयार झाला. त्याचा तांबेयुक्त प्रकार १९३५ मध्ये बाजारात आला. त्याला क्लोरीनची जोड दिली की हिरवा रंग मिळतो. आजचे कित्येक थंड, फिकट हिरवे रंग या हिरव्यात भरपूर पांढरा मिसळून होतात. म्हणजे मोरचूद गेले, तांबे राहिलेच!

ग्रेंजमाउथची कथा घडत होती त्याच सुमारास इंदुरात यशवंतराव होळकर (दुसरे) जर्मन वास्तुतज्ज्ञ एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग महाल उभारून घेत होते. तेथे गारव्यासाठी वातानुकूलनाची यंत्रणा आली. महालातील नामांकित फर्निचर १९८० साली मोंटे कार्लोच्या लिलावात गेले आणि वास्तूत सरकारी कचेरी आली. गल्लीतल्या घरांना यंत्र परवडणारे नव्हते. त्यांनी डोळ्यांपुरता गारवा चुन्यातून मिळवला. डोळ्यांपुरता म्हणतो, कारण हिरव्या रंगाने खोलीचे तापमान उतरत नाही. जाड भिंत आणि उंच छत यांचे ते काम.

आता ओलीकडे येऊ. जुन्या भिंतींच्या पायात ओल रोखणारा थर नसतो. पावसाळ्यात पाणी वर चढते. चुन्याचा हात त्या पाण्याला हवेत उडून जाऊ देतो. तैलरंग किंवा प्लास्टिकचा रंग वाट बंद करतो. मग ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि शेवटी गिलावा ढासळतो. त्या माजघरात नेमके हेच चालले होते. रंग तोच ठेवला, पण अंग बदलले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आमच्या सीमाभागातही चुन्याच्या गिलाव्याची घरे अजून उभी आहेत आणि दिवाळीपूर्वी रंगारी डबे घेऊन दारात येतो. रंग पिस्ता असो की पिवळा, त्याला आधी भिंत कशाची आहे ते पाहायला सांगावे. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा. जुना तैलरंग असल्यास तो कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. वाडे पडतात ते नेहमी भाऊबंदकीनेच पडतात असे नाही. काही नव्या रंगाच्या डब्यानेही पडतात.