प्रार्थनेतील देहस्थिती आणि ‘वाईटाचा आभास’

गेल्या प्रायश्चित्तकाळात निजामपुऱ्यातील एका मराठी कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी दहाबारा मंडळी जमली होती. रोझरी झाल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या तीनचार मुलांनी सतरंजीवर मांडी घातली, पाठ ताठ केली, तळहात उताणे करून गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटून ती काही वेळ स्तब्ध बसली. तेव्हा कोणी काही बोलले नाही. चहाच्या वेळी मात्र एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “फादर, आपल्याला हे चालते का? बाहेरून कोणी पाहिले तर काय समजेल? वाईटाचा आभाससुद्धा टाळावा, असे पौलाने सांगितले आहे ना?” घरातील आजींनी तेवढ्यात आपली अडचण मांडली. त्यांना आता गुडघे टेकता येत नाहीत. खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना कमी प्रतीची होते की काय, अशी त्यांना रुखरुख होती.

हे दोन्ही प्रश्न आपल्यापैकी अनेकांना धर्मग्रामात ऐकावे लागतात. “चालते” किंवा “चालत नाही” असे एका शब्दात सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ख्रिस्तसभेने या प्रश्नाची उत्तरे अनेक शतके आणि परस्परविरुद्ध रीतींनी दिलेली आहेत, आणि तो इतिहास ठाऊक नसेल तर आपले उत्तर केवळ आपल्या सवयीचे उत्तर ठरते.

प्रथम त्या वचनाविषयी. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसाव्या वचनात ‘एइडोस’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ दर्शनी रूप असा होतो, तसाच जात किंवा प्रकार असाही होतो. लॅटिन भाषांतरात त्यासाठी ‘स्पेसिएस’ हा तसाच दुहेरी शब्द आला. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने त्यातील ‘आभास’ हा अर्थ घट्ट केला आणि मिशनरींच्या उपदेशांतून तो आपल्याकडे रुजला. अर्वाचीन भाष्यकार बहुधा ‘प्रकार’ हाच अर्थ घेतात. मागील वचनांचा ओघही तिकडेच नेतो. आत्म्याचा अग्नी विझू न देणे, भविष्यवाणीचा अनादर न करणे आणि सर्व गोष्टींची पारख करणे यांविषयी पौल तेथे बोलत आहे. बाविसावे वचन हे त्या पारखीचे शेवटचे टोक होय. पारख टाळण्यासाठी ते पुढे करता येत नाही. तरीही त्या गृहस्थांची शंका एवढ्याने निकालात निघत नाही, कारण दुर्बळ बंधूच्या सदसद्विवेकाला ठेच लागू नये म्हणून मांस सोडण्याची तयारी दाखवणारा पौलही तोच आहे.

पवित्र शास्त्रात प्रार्थनेची एकच अशी देहस्थिती नाही. मंदिराच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी शलमोन वेदीसमोर उभा राहून हात पसरतो, आणि त्याच प्रार्थनेच्या शेवटी तो गुडघ्यांवरून उठला असे वाचावयास मिळते. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. दावीद तर परमेश्वरापुढे जाऊन बसतो. गेथशेमाने बागेत प्रभू लूकच्या मते गुडघे टेकतो आणि मत्तयाच्या मते पालथा पडतो. दुसऱ्याच दिवशी रोमी शिपाई काट्यांचा मुकुट घातलेल्या त्याच प्रभूपुढे थट्टेने गुडघे टेकतात. गेथशेमानेतील आणि त्या चौकीतील गुडघा दिसण्यात सारखाच होता.

‘परधर्मीयांसारखे दिसते’ हा आक्षेप ख्रिस्ती साहित्यात फार लवकर भेटतो. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथील तेर्तुल्लियन याने प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात, प्रार्थना संपताच खाली बसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना फटकारले आहे. त्याची दोन कारणे आहेत. मूर्तिपूजक आपल्या देवतांना वंदन केल्यावर तसेच बसतात, हे एक. आणि जिवंत देवासमोर असे बसणे म्हणजे प्रार्थनेने आपल्याला दमवले असे त्याला ऐकवण्यासारखे आहे, हे दुसरे. दुसरे कारण मला आजही विचार करण्याजोगे वाटते. पहिल्याची गोष्ट निराळी. त्याच तेर्तुल्लियनने आपल्या दुसऱ्या ग्रंथात असे नोंदवले आहे की, ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात म्हणून सूर्य हाच त्यांचा देव आहे असे काहींना वाटते. येथे आभास तर ढळढळीत होता. पण म्हणून ख्रिस्तसभेने पूर्व दिशा सोडली नाही. तो गैरसमज आहे असे तिने सांगितले आणि प्रार्थना तशीच चालू ठेवली.

सुमारे अडीचशे वर्षांनंतर रोममध्ये याच्या उलट प्रसंग घडला. नाताळाच्या एका प्रवचनात परमगुरू थोर लिओ यांनी दुःखाने म्हटले आहे की, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून आल्यावर काही ख्रिस्ती लोक मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला मान लववतात. काही जण ते अज्ञानाने करतात, काही जुन्या धर्माच्या वृत्तीने. कोणी सूर्याच्या निर्मात्याला वंदन करीत असेल तरी नुकताच मूर्तिपूजा सोडून आलेला माणूस ते पाहून गोंधळेल, म्हणून ते टाळावे असे त्यांचे म्हणणे. दिशा पूर्वच होती. परंतु वंदन कोणाला आणि पाहणारा कोण, या दोन गोष्टी बदलल्या आणि त्याबरोबर निर्णयही बदलला. आभासाचा विचार कसा करावा याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

गुडघे टेकणे ही ख्रिस्ती प्रार्थनेची सनातन खूण आहे, अशी आपल्या लोकांची समजूत असते. ३२५ साली भरलेल्या निकेयाच्या धर्मपरिषदेचा विसावा नियम त्यांना वाचून दाखवावा. रविवारी आणि पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत काही जण गुडघे टेकतात, तसे न करता सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी, असा तो नियम आहे. पूर्वेकडील सभा तो आजही पाळण्याचा प्रयत्न करतात. आणि आजींच्या प्रश्नाचे उत्तर तर तिसऱ्या शतकातच ओरिगेन याने देऊन ठेवले आहे. उभे राहून, हात पसरून व दृष्टी वर करून प्रार्थना करणे त्याला सर्वांत उचित वाटते. पण पायांना विकार असेल तर बसून आणि ताप असेल तर पडूनही प्रार्थना करण्यास त्याची हरकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे ‘कोणाला वंदन’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कोणाची रीत’ हा पुढे आला. १६०६ मध्ये मदुरा येथे आलेल्या रॉबेर्तो दी नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूंनी शेंडी, जानवे, गंध व स्नान यांतील सामाजिक अंश आणि धार्मिक अंश वेगळे करता येतील असे मांडले. परमगुरू पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये काही अटींवर ते मान्य केले. पुढे १७०४ मध्ये पुदुच्चेरी येथे द तूर्नों यांनी मलबारी विधींविरुद्ध हुकूम काढला, आणि १७४४ मध्ये चौदाव्या बेनेदिक्त यांनी या वादाचा कठोर शेवट केला. मिशनरींना त्याविषयी शपथ घ्यावी लागे, ती १९४० पर्यंत टिकली.

गोव्यात भीती याहून खोल गेली. १५६० मध्ये स्थापन झालेल्या तेथील इन्क्विझिशनने १७३६ च्या एप्रिलमध्ये जे फर्मान काढले, ते प्रार्थनेविषयी कमी आणि घरादाराविषयीच अधिक आहे. लग्नाआधी हळद लावणे, दारी तुळस ठेवणे, धोतर नेसणे हे सारे त्यात निषिद्ध ठरले. भात शिजवताना मीठ न घालता मागून घालणे, कारण हिंदू तसे करतात, हेही त्यात आहे. भाताच्या हंडीत देव कोठे होता? वाईटाचा आभास शोधावयास एकदा निघाले की माणूस स्वयंपाकघरात जाऊन पोचतो.

प्रॉटेस्टंट बंधूंच्या इतिहासातील एक प्रसंगही आपण लक्षात ठेवावा. १९०५ च्या जून महिन्यात केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही रडल्या, थरथरल्या, जमिनीवर कोसळल्या. शिस्तीत, एकामागून एक, हलक्या आवाजात प्रार्थना ऐकण्याची सवय असलेल्या अनेकांना तो केवळ गोंधळ वाटला. रमाबाईंची भूमिका अशी होती की, भारतीय माणसाला देवाने जसे घडवले आहे तसेच त्याला व्यक्त होऊ द्यावे. त्या जागृतीचे ईशशास्त्रीय मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. पण सभ्यपणा म्हणजे सुवार्ता नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

कॅथलिक सभेत हा प्रश्न औपचारिकपणे पुढे आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेने मांडलेल्या बारा मुद्द्यांना रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली. मिस्साच्या वेळी पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, एक गुडघा टेकण्याऐवजी अंजलिहस्त जोडून खोल नमन करणे, ठराविक क्षणी पंचांग प्रणाम, चुंबनाऐवजी वस्तूला स्पर्श करून तो हात डोळ्यांना लावणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, असे त्यांचे स्वरूप होते. यांतील काहीही सक्तीचे नव्हते. तरी विरोध झाला. ‘सभेचे मूर्तिपूजकीकरण’ हा शब्द ऐंशीच्या दशकात सर्रास वापरला गेला आणि हेच थेस्सलनीकाचे वचन पुनःपुन्हा उद्धृत झाले.

बारा मुद्द्यांच्या बाजूने बोलणारे आम्ही धर्मगुरू तेव्हा आणि नंतरही एक सोपा युक्तिवाद करीत आलो. मांडी घालणे ही काही हिंदूंची पूजा नव्हे. मराठी माणूस मांडी घालून पंगतीत जेवतो, शाळेत शिकतो, कीर्तन ऐकतो. उलट ‘गुडघे टेकले’ म्हणजे आपल्या भाषेत हार पत्करली. मग परके कोणते आणि आपले कोणते? हा युक्तिवाद चुकीचा नाही. मीही तो त्या संध्याकाळी केला.

गृहस्थांनी तो शांतपणे ऐकून घेतला. नंतर रस्त्यापर्यंत पोचवावयास आले असता ते म्हणाले, “फादर, आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले. पाटलाच्या वाड्यासमोर कमरेत वाकून, जमिनीला हात लावून जोहार घालायचे. जमिनीवर बसणे आम्हाला नवे नव्हते. देवळात बाकावर बसायला मिळाले, ते नवे होते.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘भारतीय रीत’ असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणत्या भारतीयाची, हे विचारावयास आपण बहुधा विसरतो. जो प्रणाम एका घराण्यात पूजेचा असतो, तो दुसऱ्या घराण्यात वेठीचा असतो. याच वडोदऱ्यात १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नव्हती. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढल्यावर ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले. कोणी कोठे बसावे, किती अंतरावर उभे राहावे, कोणी किती वाकावे, हे या देशात देवापेक्षा माणसांनीच अधिक ठरवलेले आहे. त्या गृहस्थांना मुलांच्या मांडीत योगाभ्यास दिसला असेलही. पण त्यांना ठेच लागली ती दुसरीकडे. पौलाचे वचन त्यांच्या हाताशी होते म्हणून ते त्यांनी पुढे केले. बारा मुद्द्यांच्या विरोधकांतही असे काही लोक असतील, आणि त्यांना आम्ही केवळ जुन्या वळणाचे समजलो असू, असे मला आता वाटते.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी विश्वासविषयक धर्मसिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी महागुरुस्वामींना जे पत्र पाठवले, त्यात देहस्थितीवर थोडे पण नेमके विवेचन आहे. प्रार्थनेत सबंध माणूस देवासमोर येतो, म्हणून देहाने त्याला साजेशी स्थिती घ्यावी. ती संस्कृतीनुसार आणि व्यक्तीच्या प्रकृतीनुसार वेगळी असू शकते, असे ते म्हणते. त्याबरोबरच हेही सांगते की, देहाचे हे प्रतीक स्वतःच मूर्ती होऊन बसू शकते, आणि आसनाने मिळालेल्या स्वास्थ्याला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची चूक होऊ शकते. मुलांना मी हा दुसरा भाग आवर्जून सांगितला. त्याबरोबर संत इग्नातियुस यांची एक सूचनाही सांगितली. आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त ते साधकाला गुडघे टेकून, पालथे पडून, उताणे निजून, बसून, उभे राहून प्रार्थना करण्याची मोकळीक देतात, पण ही मोकळीक एकांतासाठी आहे, मंदिरात इतरांसमोर नव्हे, असे ते बजावतात.

आणि जोहाराची गोष्ट मुलांना त्या गृहस्थांनीच सांगावी, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी ती सांगितली. मुलांनी ती पूर्वी कधी ऐकलेली नव्हती.

पुढच्या आठवड्याची प्रार्थना त्याच घरी होती. भिंतीशी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर आजी बसल्या, दुसरीवर ते. मुले सतरंजीवर मांडी घालूनच बसली. हात मात्र या वेळी जोडलेले होते. ते कोणाच्या सांगण्यावरून, हे मी विचारले नाही.