कव्हरवर नाव कुणाचं?

भजनी मंडळात आपण गातो, टाळ वाजवतो. पेटीवर मात्र पुष्कळदा एखादे भाऊ नाहीतर गुरुजी बसलेले असतात. आज पेटीच्याच एका दूरच्या नातलगाची आणि तो वाजवणाऱ्या बाईची गोष्ट सांगते.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला. चर्चमधला मोठमोठ्या नळ्यांचा ऑर्गन फार महाग असे. हॅमंडच्या ऑर्गनला नळ्या नव्हत्या, भाताही नव्हता. आत चुंबकाजवळ दातेरी चाकं फिरत आणि त्यातून सूर निघे. तो लहान चर्चना परवडू लागला. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तो रुजला आणि तिथून त्यांच्या वस्तीतल्या लहान क्लबांत पोचला.

क्लबमालकांना मोठा वाद्यमेळ परवडत नसे. ऑर्गन वाजवणारा दोन हातांनी चाल आणि साथ वाजवी, पायाखालच्या पट्ट्यांवर खर्जाचे सूर धरी. जोडीला ड्रम आणि सॅक्सोफोन असला की मैफल उभी राहायची. चर्चमधल्या गाण्याचा भाव जॅझमध्ये मिसळला. त्या संगीताला सोल जॅझ म्हणतात.

शर्ली स्कॉट यांचा जन्म १९३४ चा, फिलाडेल्फियातला. वडील सॅक्सोफोन वाजवत, घराच्या तळघरातच क्लब चालवत. शर्ली लहानपणी पियानो शिकल्या, शाळेत ट्रम्पेट वाजवलं आणि पुढे ऑर्गनवर बसल्या. या वाद्यावर तेव्हा पुरुषांचंच राज्य होतं. स्टॅन्ली टरेंटाइन या सॅक्सोफोनवादकाशी त्यांचं लग्न झालं.

१९६४ च्या डिसेंबरात न्यूआर्क शहरातल्या ‘फ्रंट रूम’ क्लबमध्ये त्यांची मैफल जशीच्या तशी ध्वनिमुद्रित झाली. स्टुडिओत एकच गाणं चार वेळा वाजवता येतं. समोर माणसं बसलेली असताना तसं चालत नाही. सॅक्सोफोनवर नवरा, बासवर बॉब क्रॅनशॉ, ड्रमवर ओटिस फिंच. इम्पल्स कंपनीने काढलेल्या या रेकॉर्डचं नाव होतं ‘क्वीन ऑफ द ऑर्गन’, म्हणजे ऑर्गनची राणी.

आता गंमत ऐका. त्याच वर्षी जानेवारीत हेच चौघे आणि एक गिटारवादक ब्लू नोट कंपनीसाठी वाजवत होते. ती रेकॉर्ड ‘हसलिन’ या नावाने आली, आणि तिच्यावर मुख्य नाव होतं टरेंटाइन यांचं. माणसं तीच, ऑर्गनवर शर्लीच. मग नाव का बदललं? कारण नवरा-बायकोचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी होते. त्याच्या कंपनीत मुख्य नाव त्याचं, तिच्या कंपनीत तिचं. नवऱ्याच्या जोडीने वाजवूनही शर्लींचा करार शर्लींच्याच नावाने होता.

१९७१ मध्ये दोघं वेगळी झाली. शर्लींचं नाव त्यांच्यापाशीच राहिलं. त्या पुढे शिकल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या चेनी विद्यापीठात शिकवू लागल्या. २००२ मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणींनो, पेरणी, खुरपणी, काढणी आपण करतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? घरी गेल्यावर उतारा काढून एकदा बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.